एक सिस्टर, आठ मशिनी

ती दुपार माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही, आणि आता जाईल असं वाटतही नाही. नोकरीत मी खून पाहिले, विहिरीतून काढलेली प्रेतं पाहिली, दंगलीत दगड खाल्ले. घाबरलो नाही असं म्हणणार नाही. मी घाबरत नाही असं सांगणारा पोलीस एक तर खोटं बोलतो, नाही तर तो कधी बंदोबस्तालाच गेलेला नसतो. पण त्या दुपारसारखी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. समोर कुणाच्या हातात हत्यारसुद्धा नव्हतं. सात माणसं खाटांवर गुपचूप पडली होती, एवढंच.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. संभाजीनगर शहरातल्या एका ठाण्याचा मी निरीक्षक होतो. नावं कुणाचीच लिहीत नाही. मामला अजून कोर्टात आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यातले काही जण आजही एक दिवसाआड त्याच खाटांवर झोपतात.

दुपारचे साडेतीन झाले असतील. डबा खाऊन मी टपाल बघत होतो. ठाणे अंमलदार धावतच आत आला. "साहेब, डायलिसिस सेंटरला पब्लिक जमलंय. पेशंट मेलाय. नर्सला मारायला निघालेत." मी टोपी उचलली, पाच माणसं आणि एक महिला शिपाई घेतली आणि जीप काढली.

सेंटर एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. जिन्यात पन्नास-साठ माणसं. मयत गंगापूर तालुक्यातला शेतकरी, वय पन्नासच्या आत. त्याचे भाऊबंद वाळूजच्या कारखान्यांत कामाला होते, ते पाळी सोडून आले होते. डॉक्टर येऊन मृत्यू झाल्याचं सांगून गेले होते, ते पुन्हा दिसले नव्हते. मॅनेजरचा फोन बंद. काचा फुटलेल्या. रेटारेटीतून वर जात असताना मागून एक आवाज आला, "ती शिष्टर कोण हाये? आडनाव काय तिचं?" आपल्याकडं हा प्रश्न कुठं जाऊन थांबतो ते मला चांगलं माहीत आहे. मी वळून त्या माणसाचा शर्टच धरला. म्हटलं, "आडनाव मी लिहून घेणार आहे, आधी तुझं." तो मागं सरकला. पण प्रश्न हवेत राहिलाच होता.

आत गेलो आणि जागच्या जागी थिजलो. लांबट खोली, आठ खाटा, आठ मशिनी. एका खाटेवर पांघरूण घातलेलं प्रेत. बाकी सात खाटांवर सात जिवंत माणसं, आणि प्रत्येकाच्या हातातून दोन नळ्या निघून मशीनला गेलेल्या. किडनी निकामी झाली की माणसाचं रक्त असं बाहेर काढून, गाळून, परत अंगात सोडतात. एका सुईतून बाहेर, दुसरीतून आत, चार तास. माणूस उठून पळू शकत नाही. ओरडलं तर फार तर मान हलते. बाहेर काचा फुटत होत्या आणि हे सात जण छताकडं बघत पडले होते. दोन मशिनी लाल दिवा लावून ओरडत होत्या. बघायला कुणी नव्हतं. सफाईवाल्या मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या.

"सिस्टर कुठंय?" मी विचारलं. मावशींनी बोट दाखवलं. पाणी शुद्ध करायच्या यंत्राची एक खोली होती, तिला आतून कडी होती.

मी दार ठोठावलं. सांगितलं, पोलीस आहे. महिला शिपायानं पण आवाज दिला. कडी निघाली. पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरगी, ओढणी फाटलेली, ओठातून रक्त. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "साहेब, मला नंतर न्या कुठं न्यायचं ते. आधी ह्यांना मशीनवरून काढू द्या. दोघांचं रक्त नळीत गोठायला लागलंय."

मी दाराला चार शिपाई लावले आणि जिन्यातल्या लोकांना सांगितलं, ह्या सात जणांतला एक जरी गेला तर तुमच्यावर गुन्हा लावतो, देवाशपथ लावतो. कशानं ते माहीत नाही, पण लोक थांबले. पुढचा पाऊण तास ती पोरगी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पळत होती. रक्त अंगात परत सोडायचं, सुई काढायची, कापूस लावून दाबून धरायचं. दाबायला हात कमी पडले तेव्हा ती मला म्हणाली, "साहेब, अंगठा इथं. दहा मिनिटं. सोडू नका, हात धडधडला तरी सोडू नका." करमाडच्या एका बाईच्या दंडावर मी अंगठा रोवून उभा राहिलो. अंगठ्याखाली तिचं रक्त ठोके देत होतं. खोटं कशाला सांगू, मला दरदरून घाम फुटला होता.

सातही जण उतरले, मग मी पंचनामा सुरू केला. मयताच्या अंगावर घरून आणलेली गोधडी होती. रक्त अंगाबाहेर फिरतं तेव्हा हुडहुडी भरते, वर एसी. म्हणून सगळेच पांघरूण आणतात. गोधडी उचलली तेव्हा समजलं. रक्त परत आत सोडणारी सुई निसटली होती. मशीन बाहेर काढत राहिली आणि सगळं गोधडीत, खाटेच्या फोममध्ये मुरत राहिलं. जमिनीवर थेंब नव्हता. शेजारून जाणाऱ्याला माणूस झोपलाय असंच वाटलं असतं. ते बघून आमचा एक जुना हवालदार, ज्यानं रेल्वेखालची प्रेतं उचलली होती, बाहेर जाऊन ओकला.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली, प्रेत शवविच्छेदनाला गेलं. सिस्टरला जमावातून काढून ठाण्यात आणलं. मयताची बायको जिन्याच्या खालच्या पायरीवर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही सिस्टरला जीपमध्ये बसवलं तेव्हा ती एवढंच बोलली, "हिनंच मारलं माझ्या माणसाला. हिला सोडू नका साहेब."

दुसऱ्या दिवसापासून सगळी बोटं त्या पोरीकडं. सेंटरचे संचालक मोठे गृहस्थ, शहरात वजन असलेले. ते स्वतः ठाण्यात आले, चहा घेतला आणि म्हणाले, "स्टाफची चूक आहे. आम्ही तिला कामावरून काढलंय. तुम्ही तुमची कारवाई करा." सोबत ड्युटीचा तक्ता आणला होता. त्या पाळीला दोन सिस्टर लावल्याचं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. रुग्णांचे तक्तेही आणले होते. दर अर्ध्या तासाला प्रत्येकाचं बीपी, एकही खाडाखोड नाही. इतकी देखणी कागदपत्रं मी क्वचित पाहिली असतील. आणि देखणे कागद बघितले की माझ्या डोक्यात तिडीक उठते, ही माझी जुनी खोड.

त्याच दिवशी ठाण्याच्या फोनवर एक बाई बोलली. नाव सांगितलं नाही. अंमलदारानं तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून माझ्यापुढं ठेवलं: "मयताच्या कागदावर चार वाजताचं बीपी बघा. अन् सुई निघल्यावर मशीन वराडल्याशिवाय राहत नाय. ती कुणी गप केली ते शोधा."

मी कागद पुन्हा उघडला. माणूस तीनच्या सुमारास गेलेला, आणि चार वाजता त्याचं बीपी एकशे चाळीस! मग बाकीच्यांचे बघितले. सगळ्यांचे पाच वाजेपर्यंत भरलेले. आणि ह्यातले सगळे तर साडेचारच्या आतच उतरले होते, मीच एकाचा हात दाबून उभा होतो.

सिस्टरला चौकशीला बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली. तक्ता समोर ठेवून म्हटलं, "हे काय?" तिनं लपवाछपवी केली नाही. म्हणाली, "साहेब, पाळी लागली की सगळ्यांचे आकडे मी आधीच टाकून ठेवते. आठ जणांचं बीपी घ्यायचं, का लिहायचं? एकटीला दोन्ही व्हत नाय. कागद रिकामा दिसला तर मॅनेजर बोलतो. मी बीपी घेते, जमल तसं घेते, पण लिहायला थांबले तर तिकडं कुणाचा तरी पाय आखडतो, कुणाला उलटी होते."

"तक्त्यात दुसरी सिस्टर आहे."

"ती चार महिन्यांपूर्वी सोडून गेली. नाव तेवढं राहिलंय."

"आणि मशीन? ती ओरडली होती का?"

ती एकदम म्हणाली, "व्हय. मीच बंद केली. दोनदा. मला वाटलं नेहमीसारखंच असल. माझीच चूक हाये साहेब. लिहून घ्या."

इथं मला शंका आली. पोलिसांपुढं माणूस आधी नाही म्हणतो, मग माहीत नाही म्हणतो, मग पाणी मागतो. चोर असो की साव, क्रम बहुधा हाच. न विचारता सगळं अंगावर घेणारा माणूस कुणाला तरी पाठीशी घालत असतो. शिवाय बीपीची गोष्ट सांगताना तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं होतं. ही सांगताना टेबलाकडं. मी आवाज चढवून बघितला, टेबलावर हात आपटला. म्हटलं, "पोरी, आत जाशील. माणूस मेलाय, कळतंय का?" ती म्हणाली, "कळतंय." बस्स. तिला पैठणजवळच्या गावी आई होती, आशाताई म्हणून काम करणारी. ती माऊली दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसून राहायची, पाणी विचारलं तरी नको म्हणायची. पोरगी आत जाणार की घरी, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं, आणि ते मलाच कळत नव्हतं.

कंपनीचा इंजिनिअर बोलावून पंचांसमोर मशीनची नोंद काढली. ही मशीन कधी ओरडली, कधी बटण दाबलं, सगळं पोटात ठेवते. दुपारी दोन एकेचाळीसला ती ओरडली आणि थांबली. कुणी तरी आधी आवाज बंद केला, मग पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं. दोन चव्वेचाळीसला परत तेच. इंजिनिअर म्हणाला, "सर, ते दुसरं बटण दाबलं नसतं तर पंप थांबलेलाच राहिला असता." म्हणजे ते बटण दाबणाऱ्या हातानंच रक्त बाहेर सोडलं होतं.

मग जबाब घ्यायला सुरुवात केली आणि दगडावर डोकं आपटल्यासारखं झालं. "मला डोळा लागला होता." "माझं लक्ष नव्हतं." सहा जण, सहा जबाब, आणि ऐकलं कुणीच काही नाही. सातवा आजारी आहे असा निरोप आला होता. सगळे मला भीत होते. का, ते दुसऱ्या दिवशी समजलं. ठाण्याच्या आवारात सकाळीच दहा-बारा माणसं, त्यांच्या बायका, लेकरं उभी. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. "साहेब, तेवढं सील करू नका. दुसरीकडं जागा नाय. चार-पाच दिस गेले की आमच्या छातीत पाणी भरतं. तुमचा कायदा व्हईल, पर आमचं काय व्हईल?"

वरून मला सेंटर सील करण्याबद्दल विचारणा झाली होती. एका सहीचं काम होतं. कुलूप घातलं असतं तर उद्याच्या पेपरात माझं कौतुकही आलं असतं. मी आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याला फोन केला. तेही म्हणाले, "बाकी सेंटर भरलेली आहेत." सील करावं तर ही माणसं घरी बसून मरणार, आणि चालू ठेवावं तर पुन्हा एखादी सुई निसटणार. मी लेखी हुकूम दिला की प्रत्येक पाळीला किमान दोन सिस्टर पाहिजेत आणि पोलीस पाहणी होईल. संचालकांनी दोन दिवसांत कुठून तरी दोघी आणून उभ्या केल्या. म्हणजे मिळत होत्या! मला इतका संताप आला की त्यांचा फोन मी मधेच ठेवून दिला.

करमाडच्या बाईनं पहिली गाठ सोडली. मी तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही माझा हात दाबून उभे राहिलात, तुमच्याशी खोटं कसं बोलू? दोन चाळीसला शिष्टर माझ्यापाशी व्हती. मला उलटी झाली, तिनं एका हातानं माझं डोकं धरलं, एका हातानं भांडं. पावणेतीनपस्तोर हाललीच नाय."

"इतकं अचूक कसं सांगता?"

"चार तास दुसरं काय बघायचं? घड्याळच बघती मी. कधी सुटका व्हती म्हणून."

तिची खाट या टोकाला, मयताची त्या टोकाला. म्हणजे सिस्टरनं बटण दाबलेलंच नव्हतं. मग कुणी? खोलीत दुसरं उभं राहू शकणारं माणूस म्हणजे सफाईवाल्या मावशी, आणि त्या तेव्हा खाली औषधाच्या दुकानात होत्या. ते दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसत होतं. बाकी सगळे सुयांनी खाटेला बांधलेले. एक क्षण मला खरंच वाटलं, बाहेरून कुणी येऊन मारून गेलं की काय. तो विचार डोक्यात घेऊन दोन दिवस मी जेवलो नाही धड.

शेवटी मी साध्या कपड्यांत दुपारच्या पाळीला जाऊन खुर्ची टाकून बसलो. चार तास. पहिला तास काही नाही. मग एक मशीन टीं टीं करायला लागली. नव्या सिस्टर दोघी दुसऱ्या टोकाला. आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसानं डोळेसुद्धा न उघडता आपला मोकळा हात लांब केला, त्या मशीनचं एक बटण दाबलं, दुसरं बटण दाबलं, आणि हात परत पोटावर ठेवला. कुणी वळूनही बघितलं नाही. अर्ध्या तासानं दुसरीकडं तेच. एक बाई तर जावयाच्या गोष्टी सांगता सांगता शेजारणीची मशीन गप करत होती. खाटा इतक्या जवळ की हात सहज पोचायचा.

खुनी शोधत होतो आणि समोर सगळेच्या सगळे एकमेकांच्या गळ्याला रोज हात लावत होते, आणि ते सगळे एकमेकांना मदत करत होते.

मी करमाडच्या बाईला हळूच विचारलं, "हे कुणी शिकवलं?" ती घाबरली, मग म्हणाली, "शिष्टरनीच. एकटी लेकरू कुठं कुठं पळणार? दर घडीला कायतरी वराडतंच, हात हालला तरी वराडतं. आम्हीच म्हणलं, बाई, दाखव आम्हाला, आमचा एक हात तर मोकळा हाये."

मयताच्या खाटेशेजारची खाट त्या दिवशी रिकामी होती. विचारलं तर कळलं, तिथं एक निवृत्त प्राथमिक शिक्षक असतात. गुरुजी म्हणतात सगळे. घटनेच्या दिवशी अर्ध्यातून उतरवले, त्यानंतर आलेलेच नाहीत. तीन पाळ्या चुकल्या होत्या. मी तिथूनच जीप बोलावली.

पडेगावकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर. दारातच त्यांच्या बायकोनं पदर डोळ्याला लावला. "जात नायत. समजावून थकले. तोंडाकडं बघवत नाय." गुरुजी उशांना टेकून बसले होते, आडवं झालं की श्वास लागत होता. चेहरा, पाय सुजून टम्म. मला बघून घाबरले नाहीत. उशीखालून वहीचं पान काढलं. सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलेलं, खाली सही. "हिला सांगून ठेवलंय," ते म्हणाले, "मी गेलो की साहेबांना नेऊन दे. पोरगी सुटल."

मी पान वाचलं. त्यात असं होतं: शेजारी मशीन ओरडली. तो गोधडीत झोपलेला दिसला. सिस्टर लांब कुणाला तरी सावरत होती. वाटलं, त्याला झोपू द्यावं, तिला हाक मारू नये. बटण दाबलं. परत ओरडली, परत दाबलं. मग मयताचा हात खाटेखाली लोंबला.

"गुरुजी, दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"नाय साहेब. मला मशीनचं भ्या नाय. मला माझ्या ह्या हाताचं भ्या वाटतं. शेजारी परत कुणाची वराडली तर हा आपोआप उठल." त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. "ती पोरगी मला वाचवायला खोटं बोलती, ते कळलंय मला. तरी ठाण्याची पायरी चढवली नाय. लई भित्रा निघालो."

मला दया यायला हवी होती, पण खरं सांगतो, राग आला. मी ओरडलोच, "गुरुजी, मेलेल्या माणसाच्या कागदावर पोरगी सुटत नसते! वकील तो कागद दोन मिनिटांत फाडतो. मला जिवंत साक्षीदार पाहिजे. तुम्ही इथं बसून मेलात तर ती तिच्याच कबुलीवर आत जाईल!" कायद्याच्या दृष्टीनं हे अगदी बरोबर नव्हतं. पण माणसाचा श्वास घरघरत असताना मी कायद्याचा तास घेत बसणार नव्हतो.

ते बायकोला म्हणाले, "चप्पल दे."

जीपमध्ये वाटेत त्यांचे ओठ निळे पडायला लागले. ड्रायव्हरला मी आयुष्यात एवढ्या शिव्या कधी दिल्या नसतील. सेंटरवर पोचलो तेव्हा त्यांना खुर्चीत उचलून न्यावं लागलं. नव्या सिस्टरनं सुया टोचल्या, मशीन सुरू झाली. आणि मी चार तास त्यांचा तो मोकळा हात धरून बसलो, कारण त्यांनीच तसं सांगितलं होतं. दोनदा शेजारची मशीन ओरडली, दोन्ही वेळेला त्यांची बोटं माझ्या मुठीत हालली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रीतसर जबाब दिला. मी त्या पोरीला बोलावून तो वाचून दाखवला. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. "शिकवलं मीच होतं साहेब," म्हणाली. "गुरुजींचं नाव आलं असतं तर त्यांनी जीव दिला असता. अन् बाहेरचे लोक त्यांच्या घरावर गेले असते, आडनाव विचारत." तिनं जिन्यातला तो आवाज बंद दाराआडून ऐकला होता.

मग फोनवाली बाईही पुढं आली. तक्त्यात जिचं नाव राहिलं होतं, तीच ती सोडून गेलेली सिस्टर. राजीनाम्याची प्रत तिनं जपून ठेवली होती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, एकटीनं आठ मशिनी सांभाळणं मला शक्य नाही, कुणाचा तरी जीव जाईल. सिव्हिल सर्जनांच्या समितीपुढं सगळे कागद ठेवले. सिस्टरनं आकडे आधी भरले, पेशंटना बटण दाखवलं, यातलं काही मी झाकलं नाही. समितीचा अभिप्राय आला आणि हलगर्जीपणाचा गुन्हा संचालक आणि मॅनेजरवर दाखल झाला. सिस्टर साक्षीदार झाली.

त्याआधी गुरुजींनी एक हट्ट धरला. मयताच्या बायकोला मीच सांगणार, म्हणाले. मी नको म्हटलं. तिचे दीर बरोबर येणार, काही झालं तर? ते ऐकेनात. शेवटी माझ्या केबिनमध्ये समोरासमोर बसवलं, दाराबाहेर शिपाई उभे केले आणि मी स्वतः टेबलाच्या अलीकडं येऊन बसलो. गुरुजींनी मान खाली घालून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर एक दीर ताडकन उठला. ती बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "भाऊजी, बसा खाली."

मग गुरुजींना म्हणाली, "आमचे मालक बी दाबायचे की तुमचं. घरी येऊन सांगायचे, आज गुरुजीला डुलकी लागली व्हती, मशीन वराडली, म्या गप केली, झोपू दिलं." "तवा तुमची सुई निघाली नाय, एवढंच. निघाली असती तर तुमची बाई हितं बसली असती अन् मालक तिथं."

गुरुजी ओक्साबोक्शी रडायला लागले. ती रडली नाही. "म्या माफ केलं असं नका समजू. मला जमायचं नाय ते. पर त्या पोरीला आत घालू नका साहेब, त्या दिवशी म्या बोलले ते मागं घेते." उठताना तिनं मला विचारलं, "आता तिथं किती शिष्टर हायेत?"

"दोन," मी म्हणालो. त्या दिवशी ते खरं होतं.

या मामल्यानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. पस्तीस वर्षं मी गुन्ह्यामागं द्वेष शोधत आलो, वैर, लालूच, दारू. इथं काहीच नव्हतं. एका पोरीची कीव आलेली माणसं होती, आणि त्या किवेच्या भरवशावर दुसऱ्या सिस्टरची खुर्ची रिकामी ठेवणारा एक माणूस होता. गुन्हा त्या रिकाम्या खुर्चीत झाला, आणि रिकाम्या खुर्चीचे ठसे घेता येत नाहीत. म्हणून आता कुठल्याही दवाखान्यात गेलो की मी आधी सिस्टर मोजतो. घरचे हसतात. हसू देत.

गुरुजी अजून आहेत. मागच्या महिन्यात त्यांना भेटायला त्याच सेंटरवर गेलो. भिंतीवर नवीन पाटी लागलीय, सुईचा हात उघडा ठेवा म्हणून. तक्त्यात दोन नावं होती. खोलीत एकच सिस्टर होती, नवीन, ओळखीची नाही. दुसरी रजेवर आहे म्हणाली, कधीपासून ते तिला माहीत नव्हतं. गुरुजी उजवा हात मांडीखाली दाबून पडले होते. आता असेच पडतात, त्यांच्या बायकोनं सांगितलं. आम्ही बोलत होतो आणि पलीकडच्या खाटेवरची मशीन ओरडायला लागली. सिस्टर त्या टोकाला कुणाचे तरी पाय चोळत होती. "आले, आले," तिनं तिथूनच आवाज दिला. कुणी हात लांब केला नाही. मशीन ओरडत राहिली. खाटेवरचा माणूस मानेपर्यंत पांघरूण घेऊन झोपला होता, पाटी असूनसुद्धा, कारण थंडी वाजते. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. मी उठलो, जाऊन त्याचं पांघरूण वर उचललं. सुया जागेवर होत्या. तो माणूस दचकून जागा झाला आणि कोण तुम्ही म्हणून विचारायला लागला. सिस्टर येईपर्यंत मी तसाच पांघरूण हातात धरून उभा राहिलो.